स्ट्राइक : शिडं उतरवणाऱ्यांचा शब्द

हा भाग ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, मध्येच कुकरची शिट्टी होते आणि मागे एक म्हातारा माणूस खोकतो. तो खोकला माझ्या आबांचा. एडिटर मित्र म्हणाला, काढून टाकू या. मी म्हटलं, राहू दे, कारण या भागाचा विषयच त्यांच्यामुळे सुचला. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सावरली आहेत, बाकी जसं बोलले तसंच.

तर झालं असं. आमच्या एका जुन्या भागात मागे वीस सेकंद एक गाणं वाजत होतं. त्यावरून आम्हाला नोटीस आली. मी फोन बघितला आणि स्वयंपाकघरातूनच ओरडले, "अरे देवा, स्ट्राइक आला!"

आबा बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कुठल्या खात्यात?"

"आमच्या खात्यावर, आबा."

"ते कळलं गं. साचा खातं का रिंग खातं?"

मला आधी कळेना ते काय विचारतायत. मग हसू आलं आणि हसता हसता थांबले. माझे आबा गिरणीत साचे चालवायचे. साचा म्हणजे माग, लूम. गिरणीतल्या प्रत्येक विभागाला 'खातं' म्हणतात, आणि एखाद्या खात्यानं मशीन बंद केली की 'अमुक खात्यात स्ट्राईक झाला' असं म्हणायचे. त्यांच्यासाठी स्ट्राइक ही माणसांनी करायची गोष्ट. माझ्यासाठी ती मोबाइलवर येणारी गोष्ट. शब्द एकच, आणि आमच्यात अंतर फक्त एका भिंतीचं.

त्या रात्री मी वहीत या शब्दाचे अर्थ लिहायला बसले. कामगारांचा स्ट्राइक. सर्जिकल स्ट्राइक, एअर स्ट्राइक. क्रिकेटमध्ये स्ट्राइकवर कोण आहे, स्ट्राइक रेट किती आहे. बोलिंग अ‍ॅलीत सगळ्या बाटल्या एका फटक्यात पाडल्या की स्ट्राइक. बेसबॉलमध्ये तर गंमत आहे. तिथे बॅट फिरवली आणि चेंडू लागलाच नाही, तर त्याला स्ट्राइक म्हणतात! असे तीन झाले की खेळाडू बाद. आपल्याला चॅनेलवर येणारा स्ट्राइक हा या बेसबॉलच्या घरातला. तीन वेळा चुकलात, आता चालू पडा.

मारणं, चुकणं, काम थांबवणं, बॉम्ब टाकणं. एवढं सगळं एका शब्दात आलं कुठून?

जुन्या इंग्रजीत हा शब्द होता 'स्ट्रीकन'. आणि त्याचा अर्थ काय, तर हलकेच हात फिरवणं. गोंजारणं, घासणं, गुळगुळीत करणं. किंवा नुसतं पुढे सरकत जाणं. मारण्याचा मागमूस नाही. जर्मनमधलं त्याचं भावंड 'श्ट्राइखन' अजून त्याच अर्थावर आहे: पावाला लोणी लावायचं, भिंतीला रंग लावायचा, कपाळावरून हात फिरवायचा, तर हे क्रियापद. इंग्रजीतले 'स्ट्रोक' आणि 'स्ट्रीक' हे याच कुटुंबातले. स्ट्रोकमध्ये दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. मांजराला स्ट्रोक करतात आणि बॅट्समनही स्ट्रोक मारतो.

पुढे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास 'स्ट्राइक'मधला हात जड होत गेला. गोंजारणारा हात फटका मारायला लागला. पण जुना अर्थ पूर्ण गेला नाही. काडेपेटीची काडी स्ट्राइक करतात, म्हणजे तिला मारत नाहीत, घासतात. आपण मराठीत 'काडी ओढणे' म्हणतो ते किती नेमकं आहे बघा. आणि यादीतलं नाव 'स्ट्राइक ऑफ' करतात, तेव्हा त्यावरून एक रेघ ओढतात. ही रेघ लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. काम बंद करण्याचा आणि या शब्दाचा संबंध कसा जुळला? इथे आपल्याला समुद्रावर जावं लागतं.

इंग्रज खलाश्यांच्या भाषेत स्ट्राइक करणं म्हणजे खाली उतरवणं. शीड उतरवलं, तर शीड स्ट्राइक केलं. झेंडा उतरवला, तर झेंडा स्ट्राइक केला. समुद्रावरच्या लढाईत एखाद्या जहाजानं आपला झेंडा स्ट्राइक केला म्हणजे ते शरण आलं. म्हणजे लढाईतला 'मारा' आणि लढाईतली 'शरणागती', दोन्हीला एकच शब्द. इंग्रजी भाषा अशा वेळी मला आमच्या चाळीतल्या सामायिक मोरीसारखी वाटते. जो येईल तो वापरतो.

साल १७६८, लंडन. आदल्या हिवाळ्यात थेम्स नदी गोठलेली. जहाजं अडकली, काम नाही, पाव महागलेला. वसंतात नदी मोकळी झाली तशी शहरात एकामागून एक धंद्यांतली माणसं मजुरीसाठी रस्त्यावर यायला लागली. विणकर, हॅट बनवणारे, कोळशाच्या जहाजांवरून कोळसा उतरवणारे हमाल. राजकारणही तापलं होतं. मे महिन्याच्या १० तारखेला सेंट जॉर्ज फील्ड्स या मैदानात जमलेल्या गर्दीवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली.

याच मे महिन्यात व्यापारी जहाजांवरच्या खलाश्यांनी मजुरी वाढवून मागितली. व्यापारी ऐकेनात. तेव्हा खलाशी नदीत उभ्या असलेल्या एकेका जहाजावर चढले आणि त्यांनी शिडं आणि शिडं बांधायच्या आडव्या काठ्या खाली उतरवून ठेवल्या. बस. कुणाला मारलं नाही, जहाज फोडलं नाही, आग लावली नाही. शिडाच्या काळात शीड उतरवलेलं जहाज म्हणजे चावी काढून घेतलेली गाडी. माल भरलेला, वारा अनुकूल, भरती आलेली, आणि जहाज जागच्या जागी. हजारो खलाशी अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारापर्यंतही गेले. पण शब्द मागे राहिला तो या अर्जाचा नाही, उतरवलेल्या शिडांचा. खलाश्यांनी 'स्ट्राइक केलं', असं लोक म्हणायला लागले, आणि मग ज्यांचा समुद्राशी काही संबंध नाही त्या धंद्यांतही काम थांबवलं की तेच म्हणायला लागले. एकोणिसावं शतक उजाडलं तेव्हा 'अ स्ट्राइक' असं नामही तयार झालं होतं. कोश करणारे काम-बंदच्या अर्थाचा माग काढत जातात तेव्हा ते या १७६८ पाशीच येऊन पोचतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. त्याच मे महिन्यात कोळसा उतरवणाऱ्या हमालांनीही काम बंद ठेवलं होतं. आणि कोळशाच्या जहाजांवरच्या खलाश्यांनी तो कोळसा स्वतः उतरवायला घेतला. म्हणजे त्यांचा संप फोडला. मारामाऱ्या झाल्या, रक्त सांडलं, आणि त्या उन्हाळ्यात शॅडवेलमध्ये सात कोळसा-हमालांना फाशी दिलं गेलं. ज्या नदीवर 'स्ट्राइक' हा शब्द जन्मला, त्याच नदीवर, त्याच महिन्यात, स्ट्राइक फोडायचाही धडा गिरवला गेला. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हां, मग बरोबर. असंच असतं ते."

आता तीस वर्षं पुढे जाऊ. १७९७. खलाशी इंग्रजच, पण या वेळी व्यापारी जहाजांवरचे नाहीत, राजाच्या आरमारातले. पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला आरमार नांगरलेलं. त्यांचा पगार १६५८ नंतर वाढलेलाच नव्हता! जवळजवळ १४० वर्षं तोच पगार. शिवाय रेशन देणारा अधिकारी सोळा औंसांचा पौंड चौदा औंसांचा धरायचा, दोन औंस त्याचे. एप्रिलमध्ये खलाश्यांनी ठरवलं, जहाज हलणार नाही. प्रत्येक जहाजातून प्रतिनिधी निवडले. शिस्त पाळली. नकोसे झालेले अधिकारी किनाऱ्यावर सोडून दिले. आणि फ्रेंच आले तर आम्ही लढायला निघू, असंही सांगितलं. एका महिन्यात सरकारनं पगार वाढवला, पौंड सोळा औंसांचा केला आणि राजानं सगळ्यांना माफी दिली.

आता सांगा, याला काय म्हणाल? मागण्या पगाराच्या, पोटाच्या. कामाला नकार. निवडलेले प्रतिनिधी. हा स्ट्राइकच ना? पण इतिहासात याचं नाव आहे 'म्यूटिनी'. कारण हे राजाचे नोकर. राजाच्या नोकराला स्ट्राइक करता येत नाही, तो फक्त बंड करू शकतो. महिन्याभरानं थेम्सच्या मुखाशी, नोर इथे तसंच दुसरं झालं, ते मोडून काढलं आणि त्यांचा नेता रिचर्ड पार्कर याला ३० जून १७९७ रोजी जहाजावरच फासावर लटकवलं. त्याच्यामागोमाग आणखी बरेच जण.

फरक कळला का? मजुरीसाठी व्यापाऱ्याचं शीड उतरवलं तर स्ट्राइक, राजाचं उतरवलं तर म्यूटिनी. शब्द बदलला की शिक्षा बदलते. आणि 'म्यूटिनी' हा शब्द तरी मुळात काय आहे? फ्रेंचमधून आलेला, त्याच्या मागे लॅटिनमधलं 'हलणं' हे क्रियापद. ज्यापासून 'मूव्हमेंट' आलं तेच. म्हणजे शब्दाच्या पोटात शिरलं तर म्यूटिनी म्हणजे हालचाल. चळवळ म्हणा, उठाव म्हणा. शिक्षेची धार त्याला नंतर लावली गेली.

आता मुंबईला येऊ.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याला 'एचएमआयएस तलवार' नावाचं आरमाराचं ठाणं होतं. नाव जहाजासारखं असलं तरी ती जमिनीवरची शाळा, नाविकांना सिग्नल आणि वायरलेस शिकवणारी. महायुद्ध संपून सहा महिने झालेले. सैन्यात भरती झालेल्या पोरांना, आणि ती खरंच पोरं होती, विशीच्या आसपासची, आता घरी पाठवायचं चाललं होतं. जेवण वाईट. गोऱ्या नाविकांपेक्षा पगार कमी. वरून तिथला कमांडर त्यांना आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. त्याआधी बलाईचंद्र दत्त नावाच्या एका तरुण नाविकाला ठाण्याच्या भिंतींवर 'भारत छोडो' आणि 'जय हिंद' लिहिल्याबद्दल पकडलं होतं. १८ तारखेला सकाळी नाविकांनी न्याहारी नाकारली. घोषणा काय, तर अन्न नाही तर काम नाही.

ही शाळा वायरलेसची होती हे विसरू नका. बातमी रोखायची कशी, जेव्हा बातमी पाठवणारेच कामावर नाहीत? किंवा खरं म्हणजे, आता स्वतःच्या कामावर आहेत? दुसऱ्या दिवशी बंदरातली जहाजं आणि कॅसल बॅरॅक्स सामील. मग कराची, कलकत्ता, मद्रास. आकडा सांगतात तो ७८ जहाजांचा आणि सुमारे २० हजार नाविकांचा. आज आपण एखादी गोष्ट व्हायरल झाली म्हणतो ना, ती मोर्स कोडमध्ये झाली.

नाविकांनी समिती निवडली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. आणि या समितीचं नाव त्यांनी ठेवलं 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी'. शब्द नीट बघा. स्ट्राइक. त्यांच्यापैकी बहुतेकांना १७६८ ची थेम्स माहीत असण्याचं काही कारण नाही. त्यांनी हा शब्द घेतला तो बहुधा बंदराच्या पलीकडच्या गिरण्यांमधून, ज्या तेव्हा अधूनमधून बंद पडायच्याच. पण त्यांनी जे केलं ते ऐका: जहाजांवरचा युनियन जॅक खाली उतरवला आणि काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल, असे झेंडे एकत्र वर चढवले. झेंडा उतरवणं, म्हणजे जुन्या खलाशी इंग्रजीत, स्ट्राइक करणं! पावणेदोनशे वर्षांनी तो शब्द फिरून पुन्हा खलाश्यांच्या हातात आला, आणि अगदी मूळ अर्थानं. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

सरकारनं मात्र पहिल्या दिवसापासून म्यूटिनी म्हटलं. अ‍ॅडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून ठणकावलं की शरण या, नाहीतर अख्खं आरमार बुडालं तरी चालेल. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला. नाविकांनीही उलट गोळ्या झाडल्या. गेटवेपाशी लोक जहाजांवरच्या पोरांसाठी खाणं घेऊन आले. इराणी हॉटेलवाले, फळवाले, घरच्या बायका.

आणि २२ तारखेला गिरणगाव बाहेर पडलं. कम्युनिस्ट पक्षानं हाक दिली होती. लाखो कामगारांनी साचे बंद केले. परळ, लालबाग, डिलाईल रोडवर लष्कराच्या गाड्या. गोळीबार. दोन दिवसांत दोनशेहून जास्त माणसं मेली. परळ महिला संघाच्या कमल दोंदे त्यांतल्या एक. बहुतेकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मोठे नेते या पोरांच्या मागे उभे राहिले नाहीत, अरुणा असफ अलींसारखे काही सोडले तर. सरदार पटेलांनी निरोप दिला, शरण जा, सूडबुद्धीनं कुणाला शिक्षा होणार नाही यासाठी काँग्रेस प्रयत्न करील. जिनांनीही तोच सल्ला दिला. २३ च्या सकाळी नाविकांनी माघार घेतली. पुढे चारशेहून जास्त नाविकांना काढून टाकलं. स्वातंत्र्य आलं, पण नव्या आरमारानं त्यांना परत बोलावलं नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळायलाही बरीच वर्षं गेली.

पटेलांच्या बाजूनंही बोलायला जागा आहे, हे मला मान्य आहे. उद्या ज्याच्या हातात देश येणार, त्याला आज सैन्यातली शिस्त मोडलेली कशी चालेल? १९ फेब्रुवारीलाच ब्रिटिश सरकारनं कॅबिनेट मिशन पाठवायचं जाहीर केलं होतं. पण मला एक गोष्ट खटकते. नाविक म्हणत होते आम्ही स्ट्राइक केलाय. तो शब्द कुणीच मान्य केला नाही. इंग्रजांनी म्यूटिनी म्हटलं, पुढे आपण पुस्तकांत बंड म्हटलं, मग आदरानं उठाव म्हटलं. कुलाब्यातल्या स्मारकावरही उठावच आहे. बलाईचंद्र दत्तांनी १९७१ मध्ये स्वतःच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात त्यांनीही म्यूटिनीच घातलं. 'म्यूटिनी ऑफ द इनोसंट्स'. निष्पापांचं बंड. पंचवीस वर्षांत समोरच्याचा शब्द आपल्या तोंडी बसतो तो असा.

आता आपला मराठी शब्द. संप.

हिंदीत हडताल म्हणतात. हाट आणि ताला, बाजाराला कुलूप. म्हणजे तो मुळात दुकानदारांचा शब्द. मराठीत हरताळ म्हणतो तोच. (आणि 'नियमांना हरताळ फासला' यातला हरताळ वेगळा बरं का. तो एक पिवळा खनिज रंग. पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला लावायचे.) फ्रेंच लोक 'ग्रेव्ह' म्हणतात, पॅरिसच्या एका चौकाच्या नावावरून, जिथे काम शोधणारे मजूर जमायचे. स्पॅनिश शब्दाच्या मुळाशी विश्रांती आहे. आणि आपण संप. आता गंमत ऐका: गुजरातीत 'संप' म्हणजे एकी, सलोखा. 'संप त्यां जंप' अशी त्यांची म्हण आहे. जिथे एकी तिथे शांतता. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांचे मालक गुजराती बोलणारे. फाटकावर कामगार ओरडतायत 'संप', आणि वरच्या ऑफिसात शेठच्या कानावर पडतंय 'एकी'. दोघांचंही बरोबरच!

या शहरानं संप पाहिले ते थोडेथोडके नाहीत. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. एका वर्षाला एक दिवस. कोर्टाच्या हिशेबाला हा कामगारांचा हिशेब. १९२८ ला सहा महिने संप चालला, त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. ही यादी मी इथेच सोडते, कारण आबांच्या तोंडी 'संप' म्हटलं की एकच असतो. बाकीचे सगळे स्ट्राईक.

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६० गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. बोनस, पगार, बदली कामगारांना कायम करणं या मागण्या होत्याच. पण मुख्य भांडण पुन्हा नावाचंच होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका धंद्यात एकच युनियन मान्य केलेली. गिरण्यांमध्ये ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार तिच्याबरोबर नव्हते, पण वाटाघाट करायचा हक्क तिचाच. म्हणजे अडीच लाख माणसं बाहेर उभी, आणि कायद्याच्या भाषेत हा संप बेकायदेशीर. हा कायदाही १९४६ चा, हे माझ्या आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तेव्हा आबा अडतीस वर्षांचे. पहिले दोन महिने पोरं टोरं चौकात कॅरम खेळत होती, म्हणतात. वाटलं, होळीपर्यंत मिटेल. मग खानावळीची उधारी थांबली. आजीनं सातारला भावाकडून ज्वारी आणली. आत्याच्या कानातलं गेलं. आबा काही दिवस दादरला भाजी विकायचे, पण शेजारपाजारचं कुणी दिसलं की टोपलीकडे पाठ करून उभे राहायचे, जसं काही गिऱ्हाईकच आहेत. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. काही जण परत कामावर गेले. त्यांच्याबद्दल आबा आजही वाईट बोलत नाहीत. "त्याची पोरगी आजारी होती," एवढंच सांगतात. लाखभराहून जास्त लोकांना काम परत मिळालंच नाही. सरकारनं १९८३ मध्ये तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. नंतर जमिनींचे भाव वाढले, आणि आबांची गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे. मी तिथे मुलाखतीला जाऊन आलेय. आबांना सांगितलं नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा भाग केला ती सांगते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी आमच्याकडे एक फॉर्म आलाय. सगळी कागदपत्रं बाबांनी जमवली. जुना तिकीट नंबर, पीएफची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. एक रकाना आबा भरू देत नाहीत. 'नोकरी सोडल्याची तारीख.'

"मी सोडली नाही," म्हणतात.

बाबा म्हणतात, "अण्णा, अहो, तारीख टाकावी लागते. कंपनीनं मस्टरवरून नाव काढलं तीच तारीख टाकू."

स्ट्राइक ऑफ. मघाची ती रेघ.

"ती त्यांनी काढलेली तारीख. फॉर्म कुणाचा? माझा ना? मी संपावर आहे."

आणि मंडळी, हा हट्ट नाही. म्हणजे हट्ट आहेच, पण माहितीदृष्ट्या ते बरोबर बोलतायत. १९८२ चा तो संप कधीही अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. कुणी सभा घेऊन, पत्रक काढून 'संप संपला' असं जाहीर केलं नाही. तो विरत गेला. सामंतांचा १६ जानेवारी १९९७ ला भर रस्त्यात खून झाला, त्यानंतर तर जाहीर करायलाही कुणी उरलं नाही. शब्दाच्या हिशेबानं बघाल तर आबांचं शीड अजून उतरवलेलंच आहे.

बाबांचा त्रागाही मला कळतो. दीड खोलीत आम्ही पाच माणसं राहतो. तारीख टाकली तर घराची शक्यता आहे, रकाना मोकळा ठेवला तर फॉर्म परत येईल. परवा बाबा मला हळूच म्हणाले, तूच भर गं, त्यांना दिसत नाही नीट. मी पेन हातात घेतलं होतं. आबा आतून म्हणाले, "बाई, तुझ्या त्या स्ट्राइकचं काय झालं पुढं?"

मी सांगितलं, आम्ही गाणं काढून टाकलं, माफी मागितली, नव्वद दिवसांनी आपोआप जाईल.

"आपोआप?" आबा म्हणाले, आणि बराच वेळ हसत राहिले. रेकॉर्डिंगमध्ये जो खोकला ऐकू येतो तो या हसण्यातून आलेला.

फॉर्म अजून शोकेसवर आहे. शेवटची तारीख या महिन्याच्या ३० ला. तुमच्यापैकी कुणाच्या घरी गिरणीतलं कुणी असेल आणि तुम्ही हा रकाना कसा भरला ते सांगणार असाल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात 'बॉयकॉट' घेऊ, आयर्लंडमधल्या एका कॅप्टनचं आडनाव होतं ते. तोवर काळजी घ्या.